फोनवर फक्त मराठीतच बोलावे

मी अकरावीला लातूरला आले तेव्हा भूकंपाला काही वर्षं उलटली होती, पण लोक अजून स्लॅबखाली झोपायला कचरत होते. आमच्या होस्टेलच्या मालकांनी हे बरोबर हेरलं होतं. मार्केट यार्डाजवळ त्यांचं धान्याचं जुनं गोदाम होतं. अडतीत काही राहिलं नाही आणि गावात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, तसं त्यांनी गोदामात प्लायवूडच्या भिंती उभ्या करून खोल्या पाडल्या आणि बाहेर मुलींच्या होस्टेलची पाटी लावली. सोबत आलेल्या बापांना ते वर बोट दाखवून सांगायचे, "पत्रा हाय, साहेब. हलला तरी पत्राच. लेकरांच्या डोक्यावर स्लॅब यायची भीतीच न्हाई."

माझे वडील भोकरच्या तहसीलमध्ये कारकून होते. भूकंपानंतर त्यांना पंचनाम्याच्या कामाला पडझड झालेल्या गावांत पाठवलं होतं. तिथून आल्यावर ते कितीतरी दिवस अंगणातच खाट टाकून झोपत. त्या माणसाला पत्रा दाखवला की दुसरं काही बघायची गरजच उरली नाही. माझी ट्रंक ठेवून, मालकांना हात जोडून ते नांदेडच्या गाडीनं परत गेले.

मालकांना आम्ही काका म्हणायचं, त्यांच्या बायकोला काकू, आणि काकूंचा भाऊ तिथंच राहून वरकाम बघायचा त्याला मामा. तशी सूचनाच होती. "तुमचे आईबाप तिकडं. इथं आम्हीच," असं काका म्हणायचे. प्लायवूड पत्र्यापर्यंत पोचत नव्हतं. वर हातभर फट होती. पहिल्या खोलीतल्या पोरीनं उचकी दिली तर शेवटच्या खोलीतली पाणी पी म्हणायची. कुणाचं पाठांतर, कुणाचं रडणं, कुणाचं झोपेतलं बोलणं, सगळं सगळ्यांचं होतं. त्याची मात्र सवय झाली. पोरीपोरींचं होतं ते, आणि रडणारीला दुसऱ्या दिवशी कुणी विचारायचं नाही एवढी समज सगळ्यांना होती.

फोनची सवय कधीच झाली नाही.

फोन मधल्या बोळीत, भिंतीला ठोकलेल्या लाकडी पेटीत होता. घरून येणारे फोन घ्यायचे, तेही संध्याकाळी जेवणाच्या आधी. त्याच लाइनीचा दुसरा फोन काकांच्या खोलीत होता. आपलं बोलणं सुरू झालं की थोड्या वेळानं खट् असा बारीक आवाज यायचा, आईचा आवाज एकदम लांब जायचा आणि मधे तिसरंच कुणीतरी श्वास घ्यायला लागायचं. काकांना सुपारीची सवय होती. आई विचारायची, "ताप उतरला का गं?" आणि माझ्या कानात कडकड सुपारी फुटायची. आजही कुणी शेजारी बसून सुपारी फोडली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. उलटीच्या आधी सुटतं, तसलं.

काकांनी हे कधी लपवलं नाही. उलट प्रवेशाच्या वेळी ते अभिमानानं सांगायचे, "कोणत्या पोरीला कुणाचा फोन आला, काय बोलली, मी सोता ऐकतो. पोरी म्हणजे काचेचं सामान." बापांचे चेहरे सैल व्हायचे. मी पहिल्या दिवाळीला घरी गेले तेव्हा वडिलांकडं कुरकुर केली. ते पेपर खाली न ठेवता म्हणाले, "लक्ष ठेवतात हे चांगलंच हाय की. तुला लपवायचंय काय?"

मला लपवायचं काहीच नव्हतं. मी सोळा वर्षांची होते, फिजिक्सच्या गणितांनी पिळून निघालेली, आणि माझ्या आयुष्यात लपवण्याजोगं घडलंच नव्हतं. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या पायावर एक पांढरा डाग होता.

त्या हिवाळ्यात आईचा फोन आला. अहमदपूरचं स्थळ आलं होतं, मुलाच्या आईनं डाग बघितला आणि चहा न पिता उठून गेली, हे आई रडत सांगत होती. मधे तो श्वास होताच. मला आईला थांबवता येईना. काय सांगणार, गप्प बस, काका ऐकायलेत? ते ऐकून काका तिथल्या तिथं बोलले असते. दुसऱ्या दिवशी पंगतीत वाढताना काकू माझ्यापुढं थांबल्या. हातात आमटीचं पातेलं. सगळ्या पोरींसमोर म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला कोड हाय म्हणं? घरात आणखी कुणाला हाय का?" मी नाही म्हणाले. "न्हाई कसं? रक्तातच असतंय ते. तुझं ताट येगळं ठेवत जा बाई. राग नको मानू, बाकीच्या लेकरांचंबी बघावं लागतंय."

तेव्हापासून माझं ताट कोपऱ्यातल्या खिळ्यावर वेगळं. मी आईला पुढच्या फोनवर एवढंच म्हणाले की अभ्यास जास्त आहे, कमी बोलू. आईला ते लागलं असणार. पण तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे तारेतला मजकूर झाला. तब्येत बरी. पेपर चांगला. पैसे मिळाले.

माझ्या खोलीतली मैत्रीण निलंग्याच्या पलीकडची, पार सीमेवरच्या खेड्यातली. वडिलांचं किराणा दुकान, गळ्यात लिंग, सोमवारी उपास, आणि घरात कानडी. मराठी ती आमच्याइतकीच बोलायची. तिच्या आईला मात्र बाजारापुरतीच यायची. दुकानातच फोन होता. संध्याकाळी तिची आई फोन करायची, आणि मग बोळीत जणू सण असायचा. "ऊट आय्ता?" म्हणजे जेवलीस का, इथून सुरुवात व्हायची, मग भांडण, मग हसणं, मग शेजारच्या म्हशीची गोष्ट, मग पुन्हा भांडण. मैत्रीण पेटीला टेकून, डोळे मिटून बोलायची. खट् आवाज तिच्याही फोनवर व्हायचा, पण तिला काय त्याचं! काका सुपारी फोडत बसायचे आणि त्यांच्या पदरी अक्षरही पडत नव्हतं. आम्ही बाकीच्या दारांत उभं राहून नुसतं तिचं बोलणं बघायचो. कळत कुणालाच नव्हतं, पण त्या पुऱ्या होस्टेलात खरं बोलणारी ती एकटीच होती आणि ते बघूनही बरं वाटायचं. मी तिच्याकडून चार शब्द शिकले. अव्वा म्हणजे आई, नीरु म्हणजे पाणी, ब्याड म्हणजे नको. ब्याड फार उपयोगी शब्द होता.

हे काकांना किती दिवस सोसणार? एका संध्याकाळी ते खोलीतून बाहेरच आले आणि तिच्यापाशी उभे राहिले.

"काय बोलायलीस एवढं?"

"घरचंच, काका."

"घरचं हाय तर मराठीत बोलायला काय होतं?"

"आईला येत न्हाई."

"महाराष्ट्रात राहून येत न्हाई? शिकव मग. आन मला सांग, ज्याच्या पोटात पाप न्हाई त्याला दुसऱ्या भाषेची गरजच कामून पडावी?"

तिला हसू आलं. तिला वाटलं ते गंमत करतायत. भाषा काय गरज पडली म्हणून घेतली होती का तिनं? दुसऱ्या दिवशी पेटीच्या वर पुठ्ठ्याची पाटी लागली होती. लाल स्केचपेननं, रेघा आखून लिहिलेली. "फोनवर फक्त मराठीतच बोलावे. न समजणाऱ्या भाषेत बोलल्यास फोन बंद करण्यात येईल. आदेशावरून." कुणाला न समजणाऱ्या, ते लिहिलं नव्हतं.

पाटी लागल्यावर काकांना चेवच आला. आम्हां सगळ्यांचीच काही झाकून बोलायची रीत होती. पाळीला "पाहुणे आले" म्हणायचं, ही तर आयाच मुलींना शिकवतात. परभणीकडची एक लाजरी मुलगी आईला फोनवर म्हणाली, पाहुणे आलेत, पोट दुखतंय, उद्या क्लासला जात नाही. काका तिथल्या तिथं फोनमध्येच बोलले, "कोणते पाहुणे आले गं तुझ्याकडं? मला न इचारता आत कुणी घेतलं?" काका खोलीतून बोळीत आले आणि ते सगळ्यांसमोर तिच्या तोंडून वदवून घेतलं. ती खाली मान घालून म्हणाली, आणि ते म्हणाले, "मग तसं सांगावं. सांकेतिक बोलायचं न्हाई इथं." त्यांना खरंच कळलं नव्हतं की कळून विचारत होते, हे मी नंतर बऱ्याचदा मनाशी घोळवलं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी अंगावर शिसारीच येते.

मैत्रिणीचे फोन मग पार सुकले. तिची आई "ऊट आय्ता?" म्हणायची आणि ही मराठीत म्हणायची, "जेवले." पलीकडून आई काहीतरी विचारायची, ही म्हणायची, "बरी हाय." आईला वाटायचं लेक रागावली, लातूरला जाऊन शिष्ट झाली. मधे वडील फोन घेऊन दुभाष्याचं काम करायचे. आईलेकीचं बोलणं बापाच्या मुखातून, आणि तेही काका ऐकणार. मैत्रीण फोन ठेवून आली की भिंतीकडं तोंड करून बसायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधीची गोष्ट आहे. आमच्या न्हाण्या मागच्या अंगणात होत्या. चारी बाजूंनी पत्रा, वर उघडं आभाळ. शेजारी लोखंडी घोड्यावर पाण्याची टाकी. मामा टाकी बघायला शिडीनं वर चढायचे. टाकी दिवसभरात कधीही बघता आली असती, पण मामांना ती आमच्या आंघोळीच्या वेळीच बघावीशी वाटे. पहिल्यांदा मैत्रिणीनं वर पाहिलं तेव्हा ते टाकीला हात लावून तिच्याकडंच बघत होते. तिनं टॉवेल ओढला. ते हलले नाहीत. टाकीवर बोटांनी टकटक करत राहिले, जणू पाणी किती आहे त्याचा अंदाज घेतायत.

आम्ही दोघी काकूंकडं गेलो. काकू भाकरी थापत होत्या. "त्यो टाकी बघायला जातो," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनातच पाप. वर बघताच कशाला?" हे त्या आपल्या सख्ख्या भावाबद्दल सांगत होत्या, भाकरीला पाणी लावत. आम्ही परकर नेसून न्हायला लागलो, वर ओढणी बांधायला लागलो. वाऱ्यानं ओढणी उडायची. काही मुली अंधार असतानाच उरकून घ्यायच्या. कुणी कुणाशी त्यावर बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं एवढं मात्र दिसत होतं.

आता घरी कळवायचं कसं? पत्रं काकांकडंच द्यायची असत, पाकीट न चिकटवता. फोनवर काका. ज्या एका भाषेत तिला हे सांगता आलं असतं, त्याच भाषेला बंदी. संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मी तिच्याजवळच उभी होते. तिनं एक वाक्य कानडीत सुरू केलं. मला "अव्वा" आणि "नीरु" एवढंच कळलं. तेवढ्यात आतून काकांचा आवाज आला, फोनमधून आणि बोळीतून एकदमच: "मराठीत बोल, न्हाईतर ठेव."

ती मराठीत काय बोलणार? काकांचा मेव्हणा आम्हाला आंघोळ करताना बघतो, हे त्याच काकांच्या कानात आईला सांगणार? ती म्हणाली, "बरी हाय अव्वा. जेवले."

लोक म्हणतात की पहारा असला की पोरी सुरक्षित राहतात. मी तो पहारा कानाला लावून उभी राहिलेली आहे. त्याच्याआड टाकीवरचा माणूस सुरक्षित होता, बाकी कुणी नाही.

क्लासच्या कोपऱ्यावर एक एसटीडी बूथ होता. आम्ही दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर रांगेतून मागं राहिलो आणि तिथं घुसलो. बूथवाला कुबड्या घेऊन चालणारा मध्यमवयीन माणूस होता. मैत्रीण काचेच्या केबिनमध्ये गेली, नंबर लावला आणि आईचा आवाज येताच रडायलाच लागली. केबिनचं दार नीट लागत नव्हतं. बूथवाल्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, मग पाठ फिरवली आणि रेडिओचा आवाज वाढवला. त्याला ऐकायचं असतं तर दिवसभर गावाचं ऐकता आलं असतं. ती बोलली, सगळं बोलली. बाहेर आली तेव्हा चेहरा सुजला होता, पण ताठ चालत होती.

आम्हाला तिथून निघताना मामांनी पाहिलं.

काकांनी त्या संध्याकाळी तिला काही विचारलंच नाही. त्यांनी सरळ तिच्या वडिलांना फोन लावला. प्लायवूडवरून आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला. "तुमची पोरगी बाहेरच्या बूथावर जाती. तासतासभर बोलती. कुणासंगं, देव जाणे. कानडीत बोलती म्हणजे लपवायचंच असणार. मी आपलं सांगायचं काम केलं. उद्या काही झालं तर आमच्या नावानं बोंब नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे आईवडील आले. वडील शांत, कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी. आईला मी पहिल्यांदाच बघत होते. ठेंगणी, काळीसावळी, एसटीच्या धुळीनं माखलेली. काका अंगणात खुर्च्या टाकत होते. ती बसली नाही. लेकीला म्हणाली, दाखव. मैत्रीण तिला न्हाणीपाशी घेऊन गेली. ती आत जाऊन उभी राहिली आणि मान वर करून टाकीकडं बघत राहिली. मग बाहेर आली आणि काकांच्या समोर येऊन बोलायला लागली.

कानडीत. मोठ्यानं. ओरडत नव्हती, पण आवाज पत्र्यावर आदळत होता. आम्ही सगळ्या दारांत. शेजारच्या अडत दुकानातले हमाल भिंतीवरून बघायला लागले. ती हातानं टाकी दाखवायची, न्हाणी दाखवायची, काकांच्या खोलीतला फोन दाखवायची. काकांच्या हातात अडकित्ता होता, तो तसाच उघडा राहिला.

"काय म्हणायल्यात त्या?" त्यांनी वडिलांना विचारलं.

वडील टाकीकडं बघत होते.

"ए, तू सांग की, काय म्हणायली तुझी माय?" त्यांनी मैत्रिणीला विचारलं.

मैत्रीण म्हणाली, "तुम्हाला समजण्यासारखं न्हाई काका ते."

एवढाच काय तो त्या दिवसाचा गोडवा. मामा कुठं दिसले नाहीत. काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. काका चाचरत वडिलांना म्हणाले की बायामाणसांचा गैरसमज होतो, टाकी तर बघावीच लागते. वडील पिशवी उचलून एवढंच म्हणाले, "सामान बांध, माय."

मैत्रीण "ब्याड, ब्याड" म्हणत होती. तिला जायचं नव्हतं. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि बारावीचं वर्ष समोर होतं. पण लातुरात त्यांचं दुसरं कुणी नव्हतं, आणि आईला आता त्या गावात लेक ठेवायची नव्हती. ट्रंक रिक्षात चढली. ती मागं वळून बघत नव्हती. मला वाटतं, रडताना दिसायचं नव्हतं तिला.

माझे वडील त्याच आठवड्यात पैसे द्यायला आले. मी त्यांना स्टँडवरच गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टाकी, न्हाणी, बहिणीचा डाग, खिळ्यावरचं ताट. ते ऐकत असताना त्यांच्या हातातला उसाचा रस तसाच राहिला. त्यात माशी पडली.

"मग फोनवर कामून सांगितलं न्हाईस?" ते म्हणाले.

"कोणत्या फोनवर, बाबा?"

त्यांना ते कळायला वेळ लागला. कळल्यावर ते माझ्याकडं बघेनात. त्या दिवशी त्यांनी काकांना काही सुनावलं नाही. आमच्या घरात भांडायची रीत नाही, आणि त्याचीही मला पुढं चीडच आली. पण माझी ट्रंक त्यांनी स्वतः उचलली आणि संध्याकाळपर्यंत फिरून एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात मला खोली मिळवून दिली. स्लॅबच्या घरात. तिथं फोन दिवाणखान्यात होता, आणि मला फोन आला की बाई उठून झाडांना पाणी घालायला जायच्या.

काकांचं पुढं काय झालं? काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडं जागा मिळेना इतक्या पोरी आल्या. लोकांची स्लॅबची भीती गेल्यावर त्यांनी तिथं तीन मजले चढवले. मामा पुढं सोसायटीच्या निवडणुकीत निवडून आले. लातूरला गेले की त्या रस्त्यानं जायचं मी टाळते. भीती वाटते म्हणून नाही, किळस येते म्हणून.

मैत्रिणीनं बारावी तालुक्यालाच दिली. मेडिकलचे मार्क पडले नाहीत. ती फार्मसी शिकली, आणि आता तिच्या सासरच्या गावी, उदगीरकडं, तिचं औषधाचं दुकान आहे. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. आम्ही रोज बोलतो, मोबाइलवर लिहून. ती अर्धं कानडी लिहिते, मी ओढूनताणून उत्तर देते. तिनं मला एकदा विचारलं, "हे मेसेज वर जातात तेव्हा मधे कुणी वाचत न्हाई ना?" मी तिला सांगितलं, पोरांना सांगते तसं: इकडून कुलूप लावून जातं, चावी फक्त तुझ्या फोनमध्ये आणि माझ्या फोनमध्ये. ज्या कंपनीचं ॲप आहे तिलाही उघडता येत नाही. "लई बरं," ती म्हणाली.

त्याच सुमाराला सरकारचा एक मसुदा आला. कुलूप लावून संदेश पाठवा, पण त्याची साधी, वाचता येणारी प्रत काही दिवस जपून ठेवा, आणि मागितली की काढून द्या. मी पेपरात वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. ओरड झाली, मसुदा लगेच मागं घेतला. पण ती भूक कुठं जाते? पुढं नियम आले, संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला ते कंपनीनं शोधून द्यावं. मग कुठं परिषदा, कुठं निवेदनं, आणि सगळीकडं तोच सूर: चांगल्या माणसाला कुलूप कशाला?

आमच्या स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा भौतिकशास्त्राचे सर डबा खात म्हणाले, "पण मॅडम, गुन्हेगार पकडायचे तर लागणारच की. अफवा पसरतात, माणसं मरतात. आपल्याकडं लपवण्यासारखं हायच काय?"

अफवांनी माणसं मारली जातात हे खरं आहे, आणि ते मला सोपं करून टाळायचं नाही. माझ्याकडंही शाळकरी पोरींचे फोटो फिरवणाऱ्यांची प्रकरणं पालक घेऊन येतात. पोलिसांनी माणूस पकडावा, त्याचा फोन जप्त करावा, कोर्टाचा हुकूम आणावा. पण एका माणसासाठी तिसरी चावी बनवली तर ती गावातल्या प्रत्येक कुलपाला लागते, आणि ती चावी कुणाकुणाच्या मेव्हण्याच्या खिशात जाईल ते मी पाहिलेलं आहे. मी सरांना होस्टेलची गोष्ट सांगितली. कॉलेजात पहिल्यांदाच सांगितली. मैत्रिणीचं नाव-गाव वगळून. एक तरुण शिक्षिका डबा बंद करून खिडकीकडं गेली.

सर म्हणाले, "वाईट झालं. पण मॅडम, ते होस्टेल होतं. हे सरकार हाय."

"हाव सर," मी म्हणाले. "होस्टेल सोडून तरी जाता येत होतं."

ते हसले. मग विषय परीक्षेच्या सुपरव्हिजनवर गेला. मला त्यांचा राग नाही आला. ते सज्जन आहेत, आणि सज्जन माणसं जितक्या सहजपणे दुसऱ्याचं दार उघडं ठेवायला तयार होतात, ते बघून जेवण जात नाही.

हे मी मैत्रिणीला कळवलं. तिनं मला फोनच केला. म्हणाली, "लिही तू हे. पण नाव नको. माझं नको, त्यांचंबी नको. पोरीला स्थळं बघायलोत." मग तिनं तिच्या दुकानातली गोष्ट सांगितली, जी तिनं आजवर मलाही सांगितली नव्हती.

तिच्या दुकानात मागच्या वर्षी एक माणूस आला होता. गावातल्या कुठल्याशा समितीचा, गळ्यात उपरणं. म्हणाला, गावातल्या पोरी बिघडायल्यात, तुमच्याकडून गर्भाच्या तपासणीच्या पट्ट्या आणि गोळ्या कोण नेतं ते आम्हाला सांगत जा. पोलिसांचंबी तसंच म्हणणं हाय, पोरींच्या सुरक्षेचाच प्रश्न हाय. तिनं विचारलं, कोर्टाचा कागद हाय का? तो म्हणाला, तोंडी सांगायलो की. तिनं सांगितलं, मग तोंडीच न्हाई म्हणते. तो दोनदा परत आला. एकदा सोबत चार जण होते. त्या महिन्यात तिच्या काउंटरची काच कुणीतरी फोडली. नवऱ्यानं म्हटलं, कशाला वैर घेतेस, दोन नावं सांगून टाक. तिनं नवऱ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं, आणि काच नवी बसवून घेतली. तो माणूस आता फिरकत नाही, पण समोरच्या टपरीवर बसून दुकानाकडं बघत असतो.

"भीती वाटत न्हाई?" मी विचारलं.

"वाटती की," ती म्हणाली. "पण पोरी येतात गं अजून. गर्दी सरायची वाट बघत बाजूला उभ्या राहतात. मी कागदात गुंडाळून देते, वर डोळे करत न्हाई."

एवढ्यात तिच्याकडं गिऱ्हाईक आलं, कुणी पोरगी दबक्या आवाजात काही मागत होती. तिनं मला थांब म्हटलं नाही, फोन कटच केला. मी पण परत लावला नाही.